किशोरवयीन मेंदू आणि मराठी पालकत्व : ‘शाळा’, ‘फँड्री’ व ‘सैराट’ यांच्या आधारे एक चिकित्सा

प्रस्तावना

गेल्या दोन दशकांत किशोरवयीन मुलामुलींविषयीच्या चर्चेची भाषा बदलली आहे. पूर्वी ज्या वागण्याला ‘वयाचा दोष’ म्हणून सोडून दिले जाई, त्याचे कारण आता मेंदूच्या जडणघडणीत शोधले जाते. पालक मेळावे, वृत्तपत्रांच्या पुरवण्या आणि समुपदेशकांची व्याख्याने यांतून एक दृष्टान्त हटकून ऐकू येतो. या वयातला मेंदू म्हणजे जोरदार इंजिनाची, पण ब्रेक न बसवलेली गाडी होय, असा तो दृष्टान्त. मुलगा उद्धट झालेला नाही, त्याच्या मेंदूचे काम अजून अपुरे आहे, हे कळल्यावर बापाचा उगारलेला हात थोडा खाली येत असेल तर या दृष्टान्ताचे मोल नाकारता येणार नाही. परंतु तो किती खरा आहे, कोणत्या पालकाला उपयोगी पडतो आणि कोणाच्या हाती गेल्यावर वेगळेच काम करू लागतो, याची तपासणी मराठीत फारशी झालेली नाही.

प्रस्तुत निबंधात ही तपासणी तीन मराठी कलाकृतींच्या आधारे केली आहे. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (2004) ही कादंबरी आणि नागराज मंजुळे यांचे ‘फँड्री’ (2013) व ‘सैराट’ (2016) हे चित्रपट त्यासाठी निवडले आहेत. मंजुळे हे करमाळा तालुक्यातील जेऊरचे. ‘फँड्री’तील जब्या साकारणारा सोमनाथ अवघडे त्याच तालुक्यातील केमचा, तर ‘सैराट’ची नायिका रिंकू राजगुरू अकलूजची. सोलापूर जिल्ह्यातील अध्यापकांना हे मुलगे-मुली परके नाहीत. अकरावी-बारावीच्या वर्गात ते रोज समोर बसलेले असतात. कलाकृती ही प्रयोगशाळा नव्हे, तिच्यातून मेंदूविषयी काही सिद्ध होत नाही, हे मान्यच आहे. मात्र एखादा सिद्धान्त माणसांच्या जगण्यावर ठेवून पाहिला असता तो कुठे बसतो आणि कुठे उसवतो, हे दाखविण्याचे सामर्थ्य तिच्यात असते.

विज्ञानाचे म्हणणे आणि मराठीचे शब्द

जी. स्टॅन्ली हॉल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1904 साली किशोरावस्थेवर द्विखंडात्मक ग्रंथ लिहून हे वय वादळाचे असते असा सिद्धान्त मांडला. 1928 मध्ये मार्गारेट मीड यांनी सामोआ बेटांवरील मुलींच्या अभ्यासातून हे वादळ सार्वत्रिक नसून संस्कृतीनिर्मित आहे असे प्रतिपादन केले. मीड यांच्या निरीक्षणांवर पुढे बराच वाद झाला. पण प्रश्न मात्र कायम राहिला. विसाव्या शतकाच्या अखेरीस चुंबकीय अनुकंपन प्रतिमा, म्हणजे एमआरआय, हे साधन हाती आल्यावर जिवंत, निरोगी मुलांच्या मेंदूची वाढ वर्षानुवर्षे पाहता येऊ लागली. जे गीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये 145 मुले व तरुण यांच्या मेंदूप्रतिमांवर आधारित निष्कर्ष प्रसिद्ध केले. मेंदूच्या पुढच्या भागातील करडे द्रव्य बालपणी वाढत जाऊन अकरा-बारा वर्षांच्या सुमारास कमाल पातळी गाठते आणि नंतर कमी होत जाते, असे त्यांत आढळले. त्याआधी वीस वर्षे पीटर हुटेनलोकर यांनी मृत्यूनंतरच्या मेंदूंचे सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण करून चेतापेशींमधील जोडण्यांची संख्या वयानुसार घटते हे नोंदविले होते. वापरात असलेल्या जोडण्या टिकतात, न वापरल्या जाणाऱ्या गळतात, आणि उरलेल्यांवर मायलिनचे आवरण चढून संदेशवहन वेगवान होते, असे या प्रक्रियेचे स्थूल स्वरूप सांगितले जाते.

यातूनच 2008 च्या सुमारास लॉरेन्स स्टाइनबर्ग, बी. जे. केसी आदींनी दुहेरी यंत्रणेची कल्पना मांडली. सुख, बक्षीस, थरार यांना प्रतिसाद देणारी यंत्रणा वयात येताना झपाट्याने जागी होते. आवर घालणारी, परिणामांचा विचार करणारी पूर्वललाटातील यंत्रणा सावकाश पक्व होते. मधल्या काळात दोहोंत तफावत राहते. गाडीचा दृष्टान्त येथून आला.

या विज्ञानाने जे सांगितले त्याची चाहूल मराठी भाषेला फार पूर्वीच लागली असावी. ‘गद्धेपंचविशी’ हा शब्द कोणत्याही प्रतिमायंत्राशिवाय घडला आणि त्याने मर्यादा नेमकी पंचविसाची घातली. मिसरूड फुटते, आवाज फुटतो, शिंगे फुटतात. या साऱ्या प्रयोगांतील ‘फुटणे’ हे क्रियापद झाडाला धुमारे फुटण्याचे आहे, काहीतरी मोडल्याचे नाही. आजच्या व्याख्यानांतील गाडीच्या दृष्टान्तापेक्षा हे क्रियापद अधिक समंजस म्हणावे लागेल, कारण गाडीत ब्रेक नसणे हा दोष आहे आणि धुमारा फुटणे हा दोष नव्हे. पंचविसाव्या वर्षी मेंदू पूर्ण होतो हे विधान मात्र आता शास्त्रवचनासारखे उद्धृत केले जाते, तेथे सावध राहायला हवे. मेंदूतील बदल त्या वर्षी थांबतात असे कोणत्याही एका अभ्यासाने दाखविलेले नाही. वेगवेगळे भाग वेगवेगळ्या गतीने बदलतात, व्यक्तिव्यक्तींत मोठा फरक असतो, आणि अनेक आरंभीच्या अभ्यासांतील सहभागींचे वयच विशीच्या आसपास संपत होते. गद्धेपंचविशीचा पंचवीस हा आकडा जसा अंदाजाचा, तसाच हाही.

छाटणीचा दृष्टान्त सोलापूरच्या पालकाला समजावून सांगण्याची गरजच पडत नाही. ज्या जिल्ह्यात द्राक्षबागांची एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळछाटणी होते, तेथे काडी कापल्याशिवाय घड लागत नाही हे पोराबाळांनाही ठाऊक असते. मात्र येथेच एक घसरण संभवते. बागेत काय ठेवायचे आणि काय कापायचे हे बागायतदार ठरवितो. मेंदूच्या बाबतीत असा कोणी बागायतदार नाही. वापर हाच निर्णय करतो. मूल जे करते, ज्यात रमते, ज्याला घाबरते, त्यानुसार जोडण्या राहतात वा जातात. कात्री आपल्याच हाती आहे असे समजणारा पालक विज्ञानाचे नाव घेऊन जुनाच अधिकार गाजवीत असतो.

‘शाळा’ : बेत आखणारा मेंदू

‘शाळा’ कादंबरी 1975-76 च्या आणीबाणीच्या काळात घडते. नववीतला मुकुंद जोशी तिचा निवेदक आहे. शिरोडकर या वर्गमैत्रिणीविषयीचे त्याचे आकर्षण हा कथेचा गाभा आहे. बेभान किशोरवय शोधणाऱ्या वाचकाला येथे काहीसे चकित व्हावे लागते. मुकुंद अखंड विचार करतो. शिरोडकर कोणत्या वाटेने जाते, केव्हा एकटी असते, कोणती सबब सांगितली म्हणजे शंका येणार नाही, याचे त्याचे हिशेब एखाद्या सेनापतीला शोभावेत असे आहेत. स्टाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये नोंदविलेले एक निरीक्षण येथे लक्षात घेण्यासारखे आहे. शांतपणे, वेळ घेऊन करावयाच्या बौद्धिक कामांत सोळा वर्षांच्या आसपासची मुले प्रौढांच्या जवळ येतात. फरक राहतो तो भावनेच्या भरात आणि सवंगड्यांच्या देखत केलेल्या निवडींत. मार्गो गार्डनर व स्टाइनबर्ग यांनी 2005 मध्ये 306 जणांवर केलेल्या प्रयोगात संगणकावरील मोटार चालविण्याच्या खेळात एकटे असताना आणि समवयस्क पाहत असताना धोका पत्करण्याची तुलना केली. मित्र पाहत आहेत एवढ्यानेच किशोरांनी अधिक धोका पत्करला. प्रौढांच्या बाबतीत असा परिणाम दिसला नाही.

बोकील यांनी हा भेद प्रयोगाविना टिपला आहे. अर्धवट बांधलेल्या इमारतीत जमणारी सुऱ्या, चित्रे, फावड्या आणि मुकुंद ही चौकडी पाहावी. तेथील मुकुंद आणि एकटा मुकुंद यांत अंतर आहे. चौकडीत असताना प्रेम ही मर्दुमकीची बाब होते, एकट्याने असताना ती हळवी आणि खासगी असते. सुऱ्याचे केवड्याबाबतचे वर्तन जसजसे धिटाईकडे झुकते, तसतसे त्याला मिळणारे प्रेक्षक हेच त्याचे इंधन आहे हे उमजते. म्हणजे ब्रेक नाहीत असे नाही. कोण पाहत आहे यावर ते लागतात किंवा सुटतात.

या कादंबरीतील प्रौढांकडेही पाहिले पाहिजे. नरूमामा हा ना बाप, ना शिक्षक. तो मुकुंदशी बोलतो, थट्टा करतो आणि क्वचित त्याला शहाणेही करतो. सोळावे वर्ष लागले की मुलाला मित्राप्रमाणे वागवावे, अशा अर्थाचे संस्कृत सुभाषित पालक मेळाव्यांत नित्य सांगितले जाते. प्रत्यक्ष मराठी कुटुंबात मित्रत्वाचे हे काम बहुधा मामा, आत्या किंवा मोठा चुलतभाऊ करीत आला. चौकोनी कुटुंबात ही माणसे दुरावली आणि समुपदेशकाची खुर्ची आली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. त्या सुभाषितात केवळ पुत्राचा उल्लेख आहे, कन्येचा नाही, ही गोष्टही सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. कादंबरीच्या शेवटाकडे किंमत कोण मोजतो हे पाहता तो उल्लेख नसणे अर्थपूर्ण ठरते. मुकुंद पुढच्या वर्गात जातो, शिरोडकरला गाव सोडावे लागते.

‘फँड्री’ : थांबलेला मुलगा

‘फँड्री’ हा शब्द कैकाडी बोलीतील, अर्थ डुक्कर. जब्या हा कैकाडी समाजातील शाळकरी मुलगा. वर्गातील शालू त्याला आवडते. काळी चिमणी सापडली तर तिची राख टाकून शालूला वश करता येईल अशी आशा तो मनात धरून रानोमाळ फिरतो. वर्गात मागे बसायचे, अंगावरच्या कपड्यांची लाज वाटायची आणि तरीही तिच्या नजरेत यायचे, अशी त्याची ओढाताण आहे. येथपर्यंत त्याची गोष्ट कोणत्याही किशोराची आहे. वयात येताना इतरांच्या नजरेचे भान तीव्र होते, नाकारले जाण्याचे दुःख अधिक झोंबते, हे मेंदूविज्ञानाने वारंवार नोंदविले आहे. सारा-जेन ब्लेकमोर यांच्या सहभागाने 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात किशोरवयीन मुली आणि प्रौढ स्त्रिया यांना संगणकावर चेंडूफेकीचा एक खेळ खेळावयास दिला होता. पडद्यावरचे इतर खेळाडू हळूहळू चेंडू देईनासे होतात. या काही मिनिटांच्या वगळले जाण्याने किशोरवयीन मुलींची मनःस्थिती प्रौढ स्त्रियांहून अधिक खालावली.

हा प्रयोग आणि जब्याचे गाव शेजारी ठेवले की विज्ञानाची शक्ती आणि मर्यादा एकदमच दिसतात. प्रयोगातील खेळ संपतो, सहभागी व्यक्तीला खरे काय ते सांगितले जाते आणि ती घरी जाते. जब्याच्या गावात चेंडू त्याच्याकडे कधीच आलेला नाही; त्याच्या बापाकडेही नाही, आज्याकडेही नाही. प्रयोगात वगळणे हे बाहेरून दिलेले उद्दीपन आहे, गावात ते व्यवस्थेचे नित्याचे कामकाज आहे. तेव्हा जब्याची लाज त्याच्या मेंदूच्या वयामुळे तीव्र झाली असेल, पण ती निर्माण तेथे झालेली नाही. ‘मुलाचा स्वाभिमान जपा’ हा पालकांना दिला जाणारा सल्ला जब्याच्या बापाला, कचरू मानेला, देऊन पाहावा. मुलीच्या लग्नासाठी पैसा हवा आहे, डुकरे धरण्याचे काम गावाने त्याच्यावर टाकले आहे, आणि ते सगळ्यांच्या देखत, शाळेच्या आवाराजवळ करायचे आहे. मुलाचा स्वाभिमान जपायचा तर काम नाकारावे लागेल. ते नाकारण्याची ऐपत त्याच्यापाशी नाही.

अखेरच्या प्रसंगात जब्या शालूच्या नजरेपासून तोंड लपवीत राहतो, बाप त्याला मारून कामाला जुंपतो, गावातली पोरे हसतात, मोबाइलवर छायाचित्रे काढतात. डुक्कर हाती येणार एवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. जब्या थांबतो. त्याला पाहून घरचेही जागच्या जागी उभे राहतात आणि डुक्कर निघून जाते. या दृश्यावर समीक्षकांनी राष्ट्र आणि जात यांच्या संदर्भात पुष्कळ लिहिले आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यात आणखी एक अर्थ आहे. भावनेचा कडेलोट झालेला, प्रेक्षकांनी वेढलेला किशोर म्हणजे दुहेरी यंत्रणेच्या सिद्धान्तानुसार आवर घालण्यास सर्वांत असमर्थ जीव. नेमका तोच येथे क्षणार्धात स्वतःला रोखतो. शाळेने जी शिस्त शिकविली ती त्याच्या अंगात इतकी मुरली आहे. आणि त्यानंतर, बहिणीची टवाळी असह्य झाल्यावर, तो दगड भिरकावतो. दगड फेकणे हा आवेग म्हणून वाचणाऱ्याने त्याआधीचा सगळा चित्रपट पुन्हा पाहावा. त्यात जब्याने गिळलेले अपमान मोजावेत. इतका वेळ ब्रेक लावून बसलेला मुलगा मराठी पडद्यावर दुसरा सापडणे कठीण.

अपक्व मेंदूची सवलत कोणाला मिळते, हा प्रश्न येथून निघतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये अठरा वर्षांखालील गुन्हेगारांची फाशी रद्द केली, तेव्हा किशोरावस्थेच्या अभ्यासांचा आधार महत्त्वाचा ठरला. भारतात याच्या उलट दिशेने जाऊन 2015 च्या बाल न्याय कायद्याने सोळा ते अठरा वयोगटातील मुलांवर अतिगंभीर गुन्ह्यांत प्रौढांप्रमाणे खटला चालविण्याची वाट मोकळी केली. मे 2024 मध्ये पुण्यात एका महागड्या मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. गाडी चालविल्याचा आरोप असलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला जामीन देताना बाल न्याय मंडळाने तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली आणि राज्यभर संताप उसळला. त्या मुलाला सवलत देणे तत्त्वतः चुकीचे होते असे विज्ञान म्हणणार नाही. संताप होता तो अशी सवलत सर्वांच्या पोरांना मिळत नाही याचा.

‘सैराट’ : पक्व मेंदूची हिंसा

‘सैराट’मधील आर्ची आणि परश्या हे उघडउघड धोका पत्करणारे प्रेमिक आहेत. विहिरी, ट्रॅक्टर, बुलेट, शेवटी गाव सोडून हैदराबाद. गाडीचा दृष्टान्त येथे अचूक बसतो असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु हैदराबादेतील भाग पाहता हाच धोका त्यांना वाढवितो. आर्ची घर चालवायला शिकते, नोकरी करते, भांडते, परतते, आई होते. किशोरवयातील धाडस ही केवळ उणीव नसून घरट्याबाहेर पडण्याची तयारी असते, असे मेंदूविज्ञानातील अलीकडची मांडणी सांगते; चित्रपटाचा उत्तरार्ध त्याच दिशेने जातो.

मग खून कोण करतो? माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन, हसतमुखाने, चहा घेत येतात. पत्ता मिळविलेला आहे, वेळ निवडलेली आहे, आवेग कुठेच नाही. नियोजन, संयम, उद्दिष्टासाठी तात्कालिक भावना बाजूला ठेवणे, ही पूर्वललाटाची जी कामे पालकांना फळ्यावर लिहून दाखविली जातात, ती सर्व येथे उत्तम रीतीने पार पडतात. पक्व मेंदू म्हणजे शहाणा मेंदू हे समीकरण या दृश्यात कोसळते. मेंदू हे साधन आहे. ते प्रतिष्ठेच्या सेवेला लागले तर तेवढ्याच कार्यक्षमतेने खून करते. मुलांच्या अपक्वतेवर भरणाऱ्या मेळाव्यांत थोरांच्या पक्वतेची चर्चा होत नाही, हा या साऱ्या मार्गदर्शनाचा सर्वांत मोठा दोष होय.

मुलींच्या बाबतीत हा दोष जीवघेणा ठरू शकतो. ‘तुझा मेंदू अजून पिकलेला नाही, तुला कळत नाही’ हे वाक्य मोबाइल काढून घेण्यासाठी, महाविद्यालय बंद करण्यासाठी आणि अखेरीस घाईने लग्न उरकण्यासाठी वापरता येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (2019-21) महाराष्ट्रातील 20 ते 24 वयोगटातील 21.9 टक्के स्त्रियांचा विवाह अठराव्या वर्षापूर्वी झालेला होता; सोलापूर जिल्ह्यातील प्रमाण राज्याच्या सरासरीहून बरेच अधिक आहे. जोडीदार निवडण्याइतका जिचा मेंदू तयार नाही म्हणून पालक धास्तावतात, तिचाच मेंदू संसार आणि बाळंतपण पेलण्यास कसा तयार ठरतो, हा प्रश्न पालक मेळाव्यात विचारला जायला हवा. विचारला तर मेंदूविज्ञान येथे निःसंशय मुलीच्या बाजूने साक्ष देईल.

पालक कोण?

मेंदूविज्ञानावर आधारलेले बहुतेक सल्ले एक ठराविक पालक गृहीत धरतात. तो संध्याकाळी घरी असतो, मुलाला स्वतंत्र खोली असते, जेवणाच्या टेबलावर बोलणे होते. संशोधनाची स्थितीही फार निराळी नाही. गाजलेले आरंभीचे अभ्यास प्रामुख्याने अमेरिका व युरोपातील मुलांवर झाले. भारतात बंगळुरूच्या ‘निम्हान्स’च्या पुढाकाराने भारतीय व ब्रिटिश संशोधकांनी सात केंद्रांवर 6 ते 23 वर्षे वयोगटाचा मोठा अभ्यास हाती घेतला, ही त्या दृष्टीने महत्त्वाची घटना आहे. मराठीत 1987 पासून ‘पालकनीती’ मासिकाने आणि 1990 मध्ये ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी स्थापन केलेल्या मानसिक आरोग्य संस्थेने पालकांशी संवादाची परंपरा उभी केली. तिचा पल्ला मोठा आहे. तरीही दिवसभर विड्या वळून सुपात मोजून देणारी सोलापूरची आई, यंत्रमागावर रात्रपाळी करणारा बाप किंवा करमाळ्याच्या बाजूचा शेतमजूर यांच्यापर्यंत ही भाषा अद्याप त्यांच्या जगण्याच्या अटींसह पोचलेली नाही.

झोपेचे उदाहरण घ्यावे. वयात येताना झोपेचे चक्र पुढे सरकते, मेलाटोनिन उशिरा स्रवते, त्यामुळे मुलाला रात्री लवकर झोप येत नाही आणि सकाळी जाग येत नाही. मेरी कार्स्कडन यांच्यापासून अनेकांनी केलेल्या अभ्यासांनी हे पक्के झाले आहे. हे ज्ञान आळशीपणाचा आरोप पुसून टाकते, म्हणून पालकाला ते सांगणे आवश्यकच आहे. पण एका खोलीच्या घरात रात्रपाळीचा बाप पहाटे परततो, पाणी भरायला आई पाचला उठते आणि वाडीवरून येणारी एसटी एकदा गेली की दुसरी तासाभराने असते. अशा घरात मुलाची झोप ही पालकाच्या समजुतीची बाब उरत नाही. ती पाणीपुरवठ्याची, वाहतुकीची आणि शाळेच्या घंटेची बाब होते. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य शासनाने मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून शाळेची वेळ सकाळी नऊ किंवा त्यानंतरची ठेवण्याचा निर्णय घेतला. तो पूर्वप्राथमिक ते चौथीच्या वर्गांपुरता आहे. ज्यांचे झोपेचे घड्याळ खरोखर पुढे सरकलेले असते, ते मुकुंद आणि शिरोडकर यांच्या वयाचे, आठवी-नववीतले विद्यार्थी त्यात नाहीत.